अध्यक्ष लहरी असतील, पंपाच्या वेळा नाहीत

मुलुंड पूर्वेच्या ४२ सदनिकांच्या एका सोसायटीच्या सचिव लिहितात:

“आमचे अध्यक्ष निवृत्त आहेत, वय सत्तरीचं. जूनपासून पंपाच्या वेळा पाच वेळा बदलल्या, एकदाही आधी न कळवता. पाहुण्यांच्या गाड्या आत घ्यायला आधी हो म्हणाले, दोन दिवसांनी वॉचमनला गेट लावायला लावलं, आणखी चार दिवसांनी परत उघडलं. कमिटीच्या मीटिंगमध्ये खजिनदारांवर एवढे ओरडले की ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच घरी पेढे पाठवले. जुलैच्या मीटिंगचं इतिवृत्त मी लिहिलं. त्यातलं वाक्य असं: ‘अध्यक्षांच्या लहरी स्वभावामुळे पाणी सोडण्याच्या वेळा वारंवार बदलत आहेत.’ आता ते म्हणतात, मला वेडा म्हटलंत, लेखी माफी मागा. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. मला वाटलं लहरी म्हणजे मूडी. कमिटीतले एक म्हणतात ‘तऱ्हेवाईक’ लिहा, दुसरे म्हणतात ‘विक्षिप्त’. लहरी ही शिवी आहे का? काय लिहायला हवं होतं? इतिवृत्त अजून कायम झालेलं नाही. ता. क. सासूबाई माझ्या चौदा वर्षांच्या मुलीलाही दिवसातून दोनदा लहरी म्हणतात. तिला ते लागतं. पंपाच्या तारखांची यादी सोबत जोडली आहे.”

सप्रेम नमस्कार.

सगळ्यात आधी, ‘विक्षिप्त’ सुचवणाऱ्यांचं ऐकू नका. ‘लहरी’वर माफी मागायला लावणारा माणूस ‘विक्षिप्त’वर वकील करेल.

लहरी ही शिवी नाही, आणि वेडा हा तर त्याचा अर्थच नाही. तरीही तुमच्या वाक्यात तो शब्द चुकलाय. तिखट आहे म्हणून नव्हे. पंपाच्या बाबतीत तो खरा नाही म्हणून. हे तुमच्याच यादीवरून दिसतं. तिच्याकडे येऊ, पण त्याआधी शब्द नीट हातात घेऊन बघू.

लहर मूळची पाण्यातली. संस्कृतात ‘लहरी’ हे नाम आहे, अर्थ लाट. मराठीनं दोन्ही ठेवल्या आणि कामं वाटून दिली: मोठी ती लाट, हलकी ती लहर. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात उष्णतेची लाट येते, लहर येत नाही. (थंडीतली ‘शीतलहर’ हिंदी बातम्यांतून उचललेली आहे, मराठीत थंडीचीही लाटच.) पाण्यातून निघालेली लहर मग अंगात शिरली: भांगेची लहर, विषाची लहर. तिथून मनात: अचानक उठणारी इच्छा. तिन्ही ठिकाणी लहर न बोलावता येते, चढते, ओसरते, आणि का आली ते सांगता येत नाही. ‘लहरी’ माणसाबद्दल आपण हेच म्हणत असतो. तो कधी काय करेल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि केलं ते का केलं याचं कारण दिसत नाही. अंदाज नाही आणि कारणही नाही, या दोन्ही गोष्टी लागू असतील तरच हा शब्द बसतो. एक जरी गळली तरी दुसरा शब्द शोधावा लागतो.

पावसाला आपण लहरी म्हणतो ते याच अर्थानं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्याला सुमारे ७३. हवामानखात्याकडे त्याची कारणमीमांसा असते. छत्री घेऊ की नको अशा विचारात जिन्यात उभ्या असलेल्या माणसाकडे नसते. त्याच्यासाठी पाऊस लहरी. म्हणजे हा शब्द जितका समोरच्याच्या वागण्याबद्दल सांगतो, तितकाच आपल्याला काय दिसत नाही याबद्दलही सांगतो. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

व्याकरणात एक खोच आहे आणि इंग्रजी माध्यमातल्यांची गाडी तिथे हमखास अडकते. एकच ‘लहरी’ तीन ठिकाणी तीन कामं करतो. ‘लहरी माणूस’ यात तो विशेषण आहे आणि बदलत नाही: लहरी बाई, लहरी लोक, लहरी माणसाला. ‘त्यांच्या लहरी कोण सांभाळणार’ यात तो ‘लहर’ या नामाचं अनेकवचन आहे, म्हणून विभक्ती लागली की ‘लहरींना’, ‘लहरींपुढे’. ‘सगळं त्यांच्या लहरीवर आहे’ यात तो ‘लहर’चं एकवचनी सामान्यरूप आहे. भाववाचक नाम ‘लहरीपणा’, री दीर्घच, ‘लहरिपणा’ चूक. ‘लहरीपण’ कुणी म्हणत नाही. क्रियापदंही ठरलेली आहेत: लहर येते, लागते, फिरते, सांभाळावी लागते. ‘लहर घेतली’ किंवा ‘लहर झाली’ ऐकलं की बोलणाऱ्यानं मनात भाषांतर केलंय हे कळतं. आणि ‘आली लहर, केला कहर’ तुम्ही लहानपणी ऐकलंच असेल. त्यातही लहर आली आहे, कुणी ती आणलेली नाही.

आता शिवीचा प्रश्न. बोलताना हा शब्द किती बोचेल हे त्याच्या शेपटीवर ठरतं. ‘लहरी आहेत हो’ यात माया आहे. घरातल्या काकांबद्दल असंच बोलतात. ‘लहरीच आहेत’ यातल्या ‘च’नं निकाल दिला. ‘जरा लहरीच आहेत’ तर त्याहून वाईट, कारण ‘जरा’ लावून आपण सौम्य बोललो असं बोलणाऱ्याला वाटतं आणि ऐकणाऱ्याला ‘च’ तेवढा ऐकू येतो. ‘आज लहर बरी दिसतेय’ ही थट्टा. कागदावर यातलं काहीच उरत नाही. तिथे ना ‘हो’, ना हसू. त्यातून तुम्ही जोडीला ‘स्वभाव’ लिहिलात. आपल्याकडे स्वभावाला औषध नसतं, म्हणजे तुम्ही तक्रार लिहिली नाहीत, कायमचा शेरा मारलात. अध्यक्षांना लागलं असेल तर ‘लहरी’पेक्षा ‘स्वभावामुळे’ हा शब्द जास्त लागला असणार, जरी त्यांनी बोट ‘लहरी’वर ठेवलं असलं तरी.

मूडीबद्दल. इंग्रजीतला मूडी बहुधा तोंड पाडून बसलेला, घुम्या असतो. मराठीत आल्यावर तो हलका झाला. ‘आमचा मूडी आहे’ हे आपण कौतुकानंही म्हणतो. मूडी आणि लहरी यांत फरक आहे तो झळ कुणाला बसते याचा. मूडी माणूस चहाला येतच नाही. लहरी माणूस सगळ्यांना चहाला बोलावतो आणि गॅस पेटवून फिरायला निघून जातो. मूड त्याचा त्याच्यापाशी राहतो, लहरीचे परिणाम दुसऱ्यांना भोगावे लागतात. म्हणून ज्याच्या हातात अधिकार आहे त्याच्याबद्दल ‘मूडी’ म्हणणं मिळमिळीत वाटतं आणि ‘लहरी’ म्हणणं बोचतं. इतिवृत्तात मात्र ‘मूडी’ लिहूच नका. तो शब्द अजून गप्पांतला आहे.

‘तऱ्हेवाईक’ अध्यक्षांना मुळात बसतच नाही. तऱ्हा म्हणजे पद्धत, रीत. तऱ्हेवाईक माणसाची रीत जगावेगळी असते, पण ती ठरलेली असते. रोज पहाटे चार वाजता गच्चीवर रेनकोट घालून फेऱ्या मारणारा तऱ्हेवाईक. त्याच्यावर घड्याळ लावता येतं. लहरी माणसावर घड्याळ लावता येत नाही, हीच तर तुमची तक्रार आहे. (लिहिताना ‘तर्हेवाईक’ नको, ऱ, मग हलन्त, मग ह. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर बहुधा र दाबून धरला की ऱ मिळतो.)

‘विक्षिप्त’मध्ये तऱ्हेवाईकपणाच्या जोडीला अंगावर येणं आहे. लोक अशा माणसापासून लांब उभे राहतात. शिवाय हिंदीत विक्षिप्त म्हणजे सरळ मनोरुग्ण, आणि मुंबईच्या सोसायटीत इतिवृत्त वाचणारे निम्मे लोक हिंदीच्या अंगानं वाचतात. गंमत म्हणजे योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या ज्या पाच भूमी सांगितल्यात (क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध), त्यात विक्षिप्त म्हणजे मधूनमधून स्थिर होणारं चित्त. त्या हिशेबानं आपण सगळेच विक्षिप्त ठरतो. पण अध्यक्षांना हे सांगत बसू नका.

बाकीचे शब्द झरझर घेतो. चंचल: मन, मूल, लक्ष्मी, सत्तरीच्या गृहस्थांना शोभत नाही. छांदिष्ट: एकाच नादात बुडालेला, म्हणजे उलट स्थिरच. हेकेखोर: जो बदलतच नाही. मनस्वी: कौतुकाचा शब्द, बहुतेकदा कलावंतांना राखून ठेवलेला, आणि ‘मनस्वी त्रास झाला’ म्हटलं की त्याचा अर्थ नुसता ‘अतिशय’. सर्किट, चक्रम, ‘त्याची सटकली’ ही मुंबईची रोजची भाषा, नाक्यावर ठीक. तोळामासा मात्र सांभाळून. हिंदीत क्षणात तोळा, क्षणात मासा असणारा माणूस लहरी. मराठीत ‘तोळामासा प्रकृती’ म्हणजे नाजूक तब्येत. अध्यक्षांना तोळामासा म्हणालात तर ते औषधांची पिशवी दाखवतील.

‘तुघलकी’ही कुणीतरी सुचवेलच, सोसायट्यांच्या भांडणांत तो निघतोच निघतो. महंमद तुघलकानं १३२७च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला, हलवली आणि पुढे तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या मोलानं चालवायला बघितली. दोन्ही बेत फसले. त्यामुळे तुघलकी म्हणजे प्रचंड आवाक्याचा, डोकेबाज दिसणारा आणि अंमलात कोसळणारा निर्णय. ४२ सदनिकांच्या पंपासाठी एवढा सुलतान कशाला?

तुमच्या कामाचे शब्द तीनच: मनमानी, धरसोड आणि पूर्वसूचना न देता. यांत गल्लत झाली की भांडण वाढतं. मनमानी म्हणजे अधिकार वापरून, इतरांना न विचारता, स्वतःला हवं ते करणं. त्यात हेतू आहे, म्हणून तो आरोप आहे आणि सिद्ध करावा लागतो. बदललेली प्रत्येक वेळ अध्यक्षांच्याच घराला सोयीची पडत असती तर शब्द मनमानी झाला असता, लहरी नव्हे. कारण मग अंदाज बांधता आला असता. धरसोड म्हणजे निर्णय धरायचा, सोडायचा, परत धरायचा. त्यात माणसाच्या मनाबद्दल काही नाही, निर्णयाबद्दल आहे. अग्रलेखांत ‘धरसोडीचं धोरण’ वर्षानुवर्षं छापून येतं आणि त्यावरून कुणी कुणाला वेडा म्हटल्याचं ऐकिवात नाही. तिसरा शब्दप्रयोग सगळ्यांत कोरडा आणि म्हणूनच सगळ्यांत पक्का.

आता तुमची यादी. शेवटच्या रकान्यात तुम्हीच शेरे लिहिलेत. ४ जून: साडेसहाऐवजी साडेसात, शेरा, ‘कपात सुरू, पालिकेचं पाणी उशिरा’. ९ जून: संध्याकाळची फेरी बंद, शेरा नाही. १५ जून: दुपारी दोन, ‘टँकर’. २२ जून: सकाळी आठ, ‘मोटर जळली, जुना पंप लावला’. १ जुलै: पुन्हा साडेसहा, शेरा नाही.

जूनमध्ये तलाव तळाला गेले की मुंबईत पाणीकपात नवी नाही. पालिकेचं पाणी तासभर उशिरा येणार असेल तर पंपही तासभर उशिरा लावावाच लागतो. खालच्या टाकीत पाणी नसताना पंप सुरू केला तर तो हवा ओढतो, मोटर तापते आणि जळते. २२ जूनला जळलेली मोटर अशीच जळली का, ते तुमच्या इलेक्ट्रिशियनला विचारा. त्याआधी पंप कधी कोरडा चालला होता का, हेही. म्हणजे पाचांपैकी तीन बदलांना कारण आहे आणि ते तुमच्याच अक्षरात आहे. १ जुलैला मोटर दुरुस्त होऊन आली असेल तर चौथ्यालाही आहे. उरला ९ जून. एका तारखेवरून माणूस लहरी ठरत नाही, त्याचा स्वभाव तर अजिबात ठरत नाही. तुमची खरी तक्रार वेगळी आहे आणि ती पूर्ण रास्त आहे: पाचही वेळा कुणाला कळवलं नाही. न कळवल्यामुळे कारण दिसलं नाही, कारण दिसलं नाही म्हणून बदल लहरी वाटला. जिन्यातल्या छत्रीवाल्या माणसासारखंच.

पार्किंगचं तसं नाही. हो, दोन दिवसांनी नाही, चार दिवसांनी परत हो, आणि मधे काहीच घडलेलं नाही. इथे ‘लहरी’ अर्थानं तंतोतंत बसतो. तरी लिहू नका. लिहा, ‘पाहुण्यांच्या वाहनांबाबतचा निर्णय सहा दिवसांत दोनदा फिरवण्यात आला.’ वाचणारा मनातल्या मनात योग्य तो शब्द स्वतःच घालतो, आणि त्याबद्दल तुम्हाला कुणी माफी मागायला लावू शकत नाही.

ओरडणं आणि पेढे इतिवृत्तात येतच नाहीत, कोणत्याच शब्दानं. खजिनदार सभा सोडून गेले एवढी नोंद पुरे, वेळेसकट. खासगीत मात्र जुनं सुभाषित इथे चपखल आहे: क्षणात रुसणाऱ्या, क्षणात खूश होणाऱ्या, चित्त ठिकाणावर नसलेल्यांचा ‘प्रसादोऽपि भयंकरः’. पेढे हातात घेऊन उभ्या खजिनदारांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

दुरुस्ती कशी करायची? इतिवृत्त म्हणजे ‘असं घडलं’ याची नोंद. त्यात स्वभाव घडत नाही. पण लिहिलेलं वाचता येणार नाही असं खोडायचं नाही. व्हाइटनर तर नाहीच, पान फाडून नव्यानं लिहिणं त्याहून नाही. पुढे कुणी नोंदवही मागितली तर तो एक डाग बाकी सगळ्या पानांवर संशय आणतो. पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय असतोच: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. दुरुस्तीची जागा तीच. ‘ऐनवेळचे विषय’ यात ती ढकलू नका. तोवर इतिवृत्त कायम होऊन बसलेलं असेल. तुम्ही स्वतःच मांडा, कुणाला तरी अनुमोदन द्यायला आधी सांगून ठेवा, आणि मजकूर असा ठेवा:

“दि. __ च्या सभेच्या इतिवृत्तातील ‘अध्यक्षांच्या लहरी स्वभावामुळे … बदलत आहेत’ हे वाक्य वगळावे व त्याऐवजी पुढील वाक्य वाचावे: ‘दि. ४ जून ते १ जुलै या काळात पाणी सोडण्याच्या वेळा ५ वेळा, सभासदांना पूर्वसूचना न देता, बदलण्यात आल्या.’”

नुसते ‘लहरी स्वभावामुळे’ हे दोन शब्द काढून चालणार नाही, पूर्ण वाक्यच बदला. ‘पूर्वसूचना न देता वेळा बदलत आहेत’ असं जोडलंत तर वेळाच सूचना न देता आपोआप बदलतायत असा अर्थ निघतो. ‘बदलण्यात आल्या’ म्हटलं की कुणीतरी बदलल्या हे येतं आणि नाव घ्यावं लागत नाही. सरकारी मराठीला आपण एरवी नावं ठेवतो, पण अशा जागी तिची ही कर्मणी वाक्यरचना कामाला येते. मूळ वाक्यावर एक सरळ रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. समासात नव्या ठरावाचा क्रमांक, तारीख, सही.

आणि एक चूक बरेच सचिव उत्साहात करतात. यापुढे बारा तास आधी फलकावर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळ कळवायची, बिघाड असेल तर लगेच कळवायचं, असा नियम करायचा असेल तर तो या मीटिंगचा नवा ठराव म्हणून घ्या. जुलैच्या मीटिंगमध्ये जे ठरलं नव्हतं ते जुलैच्या इतिवृत्तात दुरुस्ती म्हणून घुसवता येत नाही. त्या ठरावात वेळेच्या जोडीला ‘कारण’ असा रकाना सक्तीचा करा. निम्मे लहरी अध्यक्ष त्या रकान्यानं बरे होतात. कारण लिहायला बसलं की लहर ओसरते.

माफीचं पत्र द्या, पण दोन ओळींचं. “इतिवृत्तात आपल्या स्वभावाविषयी लिहिलेला शब्द मी मागे घेते, तो तिथे यायला नको होता. पंपाच्या वेळांबाबत सभासदांनी मांडलेली तक्रार मात्र कायम आहे.” ‘आपल्याला वाईट वाटलं असेल तर क्षमस्व’ लिहू नका. वाईट वाटलंय हे त्यांनी स्वतः सांगितलंय. त्यावर ‘असेल तर’ लिहिणं म्हणजे त्यांना खोटं पाडणं. ‘गैरसमज झाला’ही नको, कारण मग त्यांना समजलं नाही असा अर्थ होतो. आणि पत्र हातात द्या, ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर टाकलेल्या माफीखाली दहा मिनिटांत अंगठे येतात आणि अध्यक्ष ते मोजतात.

तुमच्या ता. क.बद्दल. खरं तर पत्रात हेच जास्त महत्त्वाचं आहे आणि तुम्ही ते शेवटी लिहिलंत.

चौदा वर्षांची मुलगी दिवसातून दोनदा बदलत असेल तर कारण नसतं असं नाही. ते तुम्हाला सांगितलेलं नसतं, आणि कधी तिलाही नेमकं कळलेलं नसतं. पाळी जवळ आलेली, झोप अपुरी, वर्गात कुणी काही बोललेलं. सासूबाईंचा ‘लहरी’ हे सगळं एका शब्दात गुंडाळतो आणि विचारायचं राहून जातं. मराठीत यासाठी कितीतरी नेमके शब्द आहेत, आणि प्रत्येकाच्या पोटात कारण आहे. मनासारखं व्हायला हवं होतं आणि झालं नाही, तर ती हिरमुसलीय. कुणीतरी येऊन समजूत काढावी म्हणून बसलीय, तर फुरंगटलीय. राग आहे पण बोलता येत नाही, तर धुसफुसतेय. एकच गोष्ट दहादा ऐकून डोकं उठलंय, तर कावलीय. अपमानानं मस्तकात कळ गेलीय, तर तिरमिरीत आहे. आणि यातलं काय ते कळत नाही, तर तिचं आज काहीतरी बिनसलंय. ‘बिनसलंय’ यात ‘आज’ आहे. ‘लहरी’त ‘नेहमीच’ आहे, आणि मुलीला लागतं ते हेच.

नेमका शब्द निवडला की पुढचं पाऊल ठरवायला मदत होते. फुरंगटलेलीची समजूत काढायची असते, हिरमुसलेलीचं ऐकून घ्यायचं असतं, कावलेलीला तासभर एकटं सोडायचं असतं. कावलेलीची समजूत काढायला गेलात तर दार आपटणारच.

एवढं मात्र बघा. घटकेत येऊन घटकेत जाणारी चिडचिड या वयात रोजची आहे. पण दोन आठवडे जवळजवळ रोज उदास आहे, आवडत्या गोष्टी सोडल्यात, खाणं-झोप बिघडलीय, किंवा उलट, सलग काही दिवस झोप नसताना थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसे किंवा वेळ यांचं भान सुटलंय, तर ती लहर नव्हे आणि मूडही नव्हे. बायपोलरसारख्या आजारात मनाची स्थिती तासातासाला नव्हे, दिवस-आठवडे टिकून बदलते. ‘क्षणात हसते, क्षणात रडते’ एवढ्यावरून घरात कुणी निदान करू नये. असं काही दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. शासनाची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. आणि मरणाबद्दल बोलली, स्वतःला इजा केलीय असं दिसलं, तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

सासूबाईंना ‘तिला लहरी म्हणू नका’ असं तोंडावर सांगितलंत तर त्या तुम्हालाच म्हणतील. त्यापेक्षा त्यांना विचारा, ‘आई, हिरमुसणं आणि फुरंगटणं यात फरक काय हो?’ त्या पिढीकडे हे शब्द अजून जिवंत आहेत, आणि त्या उदाहरणासकट सांगतील. फक्त उदाहरण नातीचं देऊ लागल्या तर तुमच्या नणंदेच्या लहानपणाकडे वळवा.